फिशटँकचं दुसरं बटण

"दिलीपभाऊ, पाहा, ही तिसरी गेली!"

मेश्राम सर ट्यूब दोन्ही हातांत आडवी धरून फाटकातच उभे होते. मी स्कूटर स्टँडवर लावायच्या आधीच ट्यूबची टोकं बघितली. काळीकुट्ट. दोन महिन्यांत तिसरी ट्यूब, आणि तीसुद्धा फिशटँकची, जी दिवसातून आठ-नऊ तासच चालू असते.

मी एका मोठ्या दवाखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला होतो. अख्खी नोकरी ट्यूब, चोक आणि स्टार्टर बदलण्यात गेली. रिटायर झाल्यावरही बोरगाव मेघेतले जुने लोक हाक मारतात आणि मी जातो, कारण घरी बसलो की बायको भाजी निवडायला लावते. मेश्राम सर गणिताचे मास्तर. त्यांच्या पत्नी सुमनबाई विज्ञान शिकवायच्या. बाई गेल्या त्याला दोन वर्षं होतील. समोरच्या खोलीतला फिशटँक त्यांचा. सरांनी तो कधी फार मनावर घेतला नव्हता, पण बाई गेल्यापासून ते त्याच्यापुढेच खुर्ची टाकून बसतात.

आत गेलो आणि भिंतीवरचा बोर्ड पाहून माझं डोकं सणकलं. फिशटँकच्या बटणाशेजारी पंख्याचा रेग्युलेटर.

"सर, हा कोणाचा शहाणपणा?"

"माह्याच. मोबाईलवर पाह्यलं, का उजेड हळूहळू कमी करता येते. मंग आणला अन् लावून घेतला."

"तुमी गणिताचे मास्तर, अन् ट्यूबले पंखा समजून राह्यले?"

मग मीच जरा नरमलो आणि त्यांना समजावून सांगितलं, ते इथंही सांगतो. साध्या बल्बला वीज कमी दिली की तो मंद होतो, तक्रार करत नाही. ट्यूबचं तसं नाही. तिच्या दोन्ही टोकांना आत बारीक तारेचं वेटोळं असतं आणि त्यावर एक पांढरा लेप. पेटताना दरवेळी हा लेप थोडासा झिजतो. लेप संपला की ट्यूब संपली. रेग्युलेटरनं वीज कमी केली की ट्यूब धड पेटत नाही, धड विझत नाही. बिचारा स्टार्टर तिला पुन्हा पुन्हा पेटवत बसतो. दोन वर्षांचा लेप वीस दिवसांत उडतो आणि टोकं काळी पडतात. चोक गरम होतो तो वेगळाच. ट्यूब मंद करायचीच तर टोकं गरम ठेवणारा खास चोक लागतो. तसा आमच्या दवाखान्याच्या सभागृहात होता. बाकी कुठं मी पाहिला नाही.

"पण मंद कराचाच काऊन?" मी विचारलं.

सरांनी टँककडे बोट केलं. आत एकच मासा होता, वीतभर लांब, चांदीच्या रंगाचा. याला दुकानदार सिल्व्हर शार्क म्हणतात. नाव शार्क, पण अतिशय भित्रा प्राणी. त्याच्या तोंडावर लाल जखम होती.

"उजेड एकदम गेला का हा काचेवर डोकं आपटते. याच्या जोडीचा होता, तो तसाच मेला. हिनं आणले तवा बोटाएवढे होते दोघं. हाही गेला तर मंग मी इथं कोणापुढं बसू, सांगा?"

मी म्हटलं, "एलईडी लावून देतो. मंद होते, टिकते, कटकट नाई."

"नाई. हिचा गुलाबी उजेड राहू द्या."

या गुलाबी ट्यूब आता दुकानात मिळत नाहीत. मागितली की एलईडीची पट्टीच पुढं करतात. टँकच्या झाकणात मागं-पुढं अशा दोन ट्यूब लागतात, आणि बाईंनी आणून ठेवलेल्या खोक्यातली शेवटची जोडी तेवढी उरली होती. मी ती जपून बाहेर काढली. खरं सांगतो, तो खोक्याचा पुठ्ठा हातात घेतल्यावर मला माझी पहिली नोकरी आठवली. आमचे मिस्त्री शिडीच्या टोकावरून ओरडायचे, "तारीख टाकली का?" ट्यूब बसवताना तिच्या टोपणावर मार्करनं तारीख टाकायची, हा त्यांचा कायदा. म्हणजे ट्यूब किती टिकली ते कळतं, आणि लवकर गेली तर दोष कुठं आहे ते शोधता येतं. वॉर्डातल्या चोकांची ती घूं-घूं, स्टार्टरची टिकटिक, ट्यूब होल्डरमध्ये हलकेच फिरवल्यावर भक्कन पडणारा उजेड. आता असलं काही राहिलं नाही आणि मला त्याची फार आठवण येते.

चोक तपासायला टँकचं झाकण उलटं केलं. आतल्या बाजूला मार्करनं लिहिलेली यादी होती, बाईंच्या शाळेतल्या फळ्यासारख्या अक्षरात. प्रत्येक ट्यूब कधी बसवली, कधी गेली. ही सवय त्यांना मीच लावली होती, टँक नवीन असताना. एकेक ट्यूब दीड-दोन वर्षं टिकलेली. आणि यादीखाली एक ओळ: 'मागची आधी बंद. समोरची अर्ध्या तासानं.'

मी वायर पाहिल्या. दोन ट्यूबच्या दोन वेगळ्या वायर निघाल्या होत्या. पुढं त्या एकत्र जोडून पिवळी टेप गुंडाळली होती. तीन वेढे आणि टोक दुमडलेलं. असं टोक दुमडणारा बोरगावात एकच माणूस आहे.

तो मी.

बाई गेल्यावर सरांनी घर रंगवलं, तेव्हा बोर्ड मीच बदलले होते. जुन्या बोर्डावर फिशटँकची दोन बटणं होती. एका टँकला दोन बटणं कशाला, म्हणून मी एकच ठेवलं. नवा बोर्ड कसा सुटसुटीत दिसतो म्हणून स्वतःवर खूशही झालो होतो. ती दोन बटणं बाईंनी माझ्याकडूनच मुद्दाम लावून घेतली होती, हे मी साफ विसरलो होतो.

"सर, मासा कवापासून डोकं आपटते?"

"घर रंगवलं तवापासून. मले वाटे, रंगाच्या वासानं असन."

"रंग नाई, सर. मी."

सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटत होतं, आणि रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून ती ओळ दोनदा वाचली.

"तुमी विचारलं होतं मले," ते म्हणाले. "मीच म्हटलं, एक पुरे. मले ठाऊकच नव्हतं ना, दुसऱ्याचं काय काम आहे ते. इतकी वर्षं ही रोज संध्याकाळी इथं येऊन एक बटण दाबे, मंग अर्ध्या तासानं दुसरं. अन् मी आतल्या खोलीत बातम्या पाहात राहो."

रेग्युलेटर काढला. वायर सोडवल्या, दुसरं बटण बसवलं, शेवटची जोडी लावली. दिवेलागणीला सरांनी मागची ट्यूब बंद केली. मासा एकदा वळला आणि वनस्पतीच्या आडोशाला गेला. आम्ही अर्धा तास बसून राहिलो, चहा झाला. मग समोरची बंद केली. पाणी हललंसुद्धा नाही.

यादीत तारीख टाकायला मी खिशातून मार्कर काढला. सरांनी तो हातातून घेतला आणि बाईंच्या अक्षराखाली स्वतःच्या अक्षरात तारीख लिहिली.

या गोष्टीला वर्ष होत आलं. जोडी अजून चालू आहे, टोकं पांढरी आहेत, माशाची जखम भरली. मी मात्र एक शिकलो. कोणाच्या घरात जादाचं बटण दिसलं, तर काढण्याआधी विचारावं की हे रोज कोण दाबतं. आणि दाबणारं माणूस आता घरात नसेल, तर ते बटण आहे तिथंच राहू द्यावं.