पाच अँपियरच्या आत

खाडीकाठच्या खारेपाटात भातशेतीत समुद्र शिरू नये म्हणून बांध घालतात आणि त्या बांधात पाण्यासाठी एक दार ठेवतात. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला दार उघडायचं, शेतातलं जास्तीचं पाणी खाडीत जाऊ द्यायचं, आणि भरती लागायच्या आत दार पाडायचं. काळूराम म्हात्रे यांनी हे काम एकतीस वर्षं केलं. एवढ्या वर्षांत दार एकदाही उशिरा पाडलं नाही. तासभर आधी मात्र रोज पाडलं. शेतात पाणी तुंबायचं, लोक बोंब मारायचे, आणि काळूराम शांतपणे म्हणायचे, "गोरं पानी हाय, कोन मरत न्हाय." गोरं म्हणजे गोडं.

या सावधपणाला कारण होतं. एकोणनव्वद सालच्या आषाढी पौर्णिमेला त्यांच्या बापाचा उघाडीवर डोळा लागला, दार उघडं राहिलं, उधाणाचं खारं पाणी आत आलं आणि तीन वर्षं गावात भात पिकला नाही. बाप जाऊन वीस वर्षं झाली. तरी आजही गावात कुणी दुपारी पेंगला की बाजूचा विचारतो, "काय रं, उघाडीवर हायस काय?" विचारणारा हसतो, ऐकणारा हसतो. काळूराम हसत नाहीत. त्यांना ते अजून लागतं.

पुढे उघाडी सिमेंटची झाली, दारं आपोआप मिटायला लागली आणि काळूराम घरी बसले. जन्मभर राखण केलेल्या माणसाला राखायला काहीतरी लागतं. त्यांच्या हाती बायकोची बॅटरी लागली.

बायको मैना ही धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात देवांना आवतण देण्यापासून हळद उतरवण्यापर्यंत सगळं तिच्या गाण्यांवर, म्हणजे धवल्यांवर चालतं. भटजी असला तरी तो तिच्याकडे बघून पुढचं करतो. पण हल्ली मांडवात डीजे आला. गेल्या वर्षी दोन लग्नांत मैनाचं तोंड हललेलं लोकांनी पाहिलं, ऐकू काही आलं नाही. यंदा गावातल्या परेशच्या मुलीचं, ऋतिकाचं लग्न. परेशचे दहा ट्रेलर, शब्दाला वजन. तो म्हणाला, "मावशी, आपल्या डीजेवाल्या जीवनकडं पेन ड्राइव्हमधी धवले हायत, उरनच्या बाईचे. तुमचा आवाज पोचला तं तुमी. न्हाय तं ते लावू."

परेशच्या घरी जे लागतं ते पुढच्या वर्षी सगळ्या गावात लागतं, हे मैनाला पक्कं ठाऊक होतं. त्या दिवशी ती जेवली नाही. चाळीस वर्षांची विद्या बोटाएवढ्या डबीनं घालवायची म्हणजे काय!

डीजेचा माइक मागावा, तर जीवन आपल्या यंत्राला कुणाला हात लावू देत नाही. शिवाय धवलारीण एका जागी उभी राहत नाही. विहिरीवर जायचं, बांधावरच्या देवाला जायचं, तिथं कुठला प्लग? म्हणून काळूरामांनी अलिबागला जाऊन विनेशच्या दुकानातून एक भोंगा, अँप्लिफायर, छपरावर टाकायला सोलरचं पॅनल आणि चार सेलची बॅटरी आणली. पॅनल सोडून सगळा संसार मासळीच्या निळ्या क्रेटमध्ये बसवला आणि क्रेट सायकलच्या कॅरिअरला बांधला.

बॅटरीच्या पोटात एक हिरवी पाटी होती. विनेश म्हणाला, "काका, हा बीएमएस. बॅटरीचा राखणदार. चार्जिंग किती झालं की आत घ्यायचं थांबायचं, किती उरलं की बाहेर द्यायचं थांबायचं, एका वेळी जास्तीत जास्त किती करंट सोडायचा, सगळं मोबाइलवरून ठरतं. आतलं दार वेगळं, बाहेरचं दार वेगळं."

काळूरामांचे डोळे चकाकले. "म्हंजे उघाडीच की!"

"मी सेट करून दिलंय. तीस अँपियर. तुमच्या सेलना, वायरला, सगळ्याला तेवढं आरामात झेपतं."

काळूरामांनी मान डोलावली, घरी आले, चष्मा लावला आणि तीसचे पाच केले. तीस म्हणजे काय, दार सताड उघडं टाकायचं? विनेशनं सांगितलं होतं की मर्यादा ओलांडली तर पुरवठा तुटतो आणि काही सेकंदांनी परत जोडला जातो. काळूरामांनी ते सेकंद पूर्ण साठ केले. चुकलेल्याला विचार करायला वेळ नको? मग दुसऱ्या कुणी हात लावू नये म्हणून सहा आकडी पासवर्ड घातला: १८०७८९. बापाचा डोळा लागला ती तारीख. हा आकडा विसरण्याची सोय त्यांना नव्हतीच.

दिवा लावला, पेटला. पंखा लावला, फिरला. मैनानं माइक धरून खालच्या पट्टीत सुरुवात केली, अंगणातल्या कोंबड्या उठून पळाल्या. ती वर चढली आणि टक्! सगळं गप्प. मिनिटानं भोंगा परत जागा झाला, ती परत वर गेली, परत टक्.

काळूरामांनी वायर पाहिली, भोंगा ठोकला, चारही सेलचे आकडे प्रगतिपुस्तकासारखे तपासले. शेवटी विनेशला फोन लावला. तो म्हणाला, "काका, आवाज चढला की करंट जास्त खेचणार. लिमिट वाढवा."

"लिमिट बराबर हाय," काळूराम म्हणाले आणि फोन ठेवला. मग दोष कुणाचा? शांत डोक्यानं विचार करून ते मैनाकडे वळले. "अगो मैने, तू पाचच्या वर जातस."

"कनच्या पाचच्या?"

"अँपियर. जरा खालती गा."

पुढचे तीन दिवस त्या घरात जे चाललं ते शेजारणी अजून सांगतात. मैना गातेय, समोर काळूराम मोबाइल धरून बसलेत, आणि रेड्याला आवरावं तसा हात दाखवतायत. "चार पॉइंट सात... आठ... सांभाल, सांभाल... खालती ये गो!"

तिसऱ्या दिवशी मैनानं माइक आपटला. "जल्लं तुमचं यंत्र! मी देवांना बोलवताव का पोरांना निजवताव? देव काय माज्या शेजारी बसलंत?"

"बॅटरी जलली तं?"

"आनि मी जललेली चालतंय तुमाला?"

काळूराम उठून परसात गेले.

लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी परेशच्या दारात मांडवाचा विधी सुरू झाला. तीनशे माणसं, सगळी बोलत होती. जीवन आपल्या भिंतीएवढ्या स्पीकरांपाशी पेन ड्राइव्ह बोटांत फिरवत उभा होता. मैनानं देवांना आवतण द्यायला सुरुवात केली. नवऱ्याचं ऐकून खालच्या पट्टीत. पुढच्या दोन रांगांनी ऐकलं, बाकीच्यांनी गप्पा चालू ठेवल्या. मग गावदेवीचं नाव आलं. गावदेवीला हळू कोण हाक मारतो? मैना चढली आणि टक्.

बायका फिस्कन हसल्या. मिनिटभर मैना मुकी उभी. भोंगा आला, तिनं पुन्हा देवीचं नाव उचललं, पुन्हा टक्. परेशनं जीवनकडे बघून मान हलवली. जीवन पेन ड्राइव्ह लावायला वाकला.

मैनानं परेशकडे पाहिलं नाही, जीवनकडे पाहिलं नाही. तिनं सायकलजवळ बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर काळूराम निभावून गेले असते. त्या नजरेत राग नव्हता. एकोणनव्वद साली बापाच्या तोंडावर पाहिलेली शरम तिच्या तोंडावर होती, आणि या वेळी दार उघडं टाकल्यानं नव्हे, आपण मिटून धरल्यानं ती आली होती.

त्यांनी मोबाइल काढला. एक, आठ, शून्य, सात, आठ, नऊ. पाच पुसले. तीस घातले. "जीवन, थांब रं मेल्या!" ते एवढ्या जोरात ओरडले की तीनशे माणसं गप्प झाली. साठ सेकंद भरले, भोंगा खरखरला, आणि काळूराम म्हणाले, "मैने, घे वर."

मैनानं घेतलं. सात, नऊ, बारा. काळूराम सवयीनं आकडे बघत होते. चौदा. मांडवात कुजबुज थांबली. सोळा. ऋतिकाची आजी पदर डोळ्याला लावून बसली. अठरानंतर काळूराम मोबाइल बघायचं विसरले. भरतीच्या वेळा सांभाळता सांभाळता एकतीस वर्षं कुठल्या लग्नाला ते पूर्ण बसले नव्हते, आणि घरी बसल्यापासून लग्नाला गेले तरी बाहेरच्या पडवीत बसत. बायकोचा धवला त्यांनी आज पहिल्यांदा सबंध ऐकला, आणि त्यांना आपली लाज वाटली आणि अभिमानही वाटला.

विधी संपल्यावर जीवन आला. "मावशी, एकदा रेकॉर्ड करून द्या ना. पेन ड्राइव्हमधी घालतो."

"घाल. मी मेल्यावर लाव," मैना म्हणाली. "जिती हाय तवर मलाच बोलव."

परतताना काळूराम सायकल हातात धरून चालले होते, मैना बाजूनं. बांधावर आल्यावर तिनं विचारलं, "किती वर गेलतू मी?"

"अठरा बगले. फुडचे बगाचे रायले."

"आता घरी जाऊन परत पाच कराल."

खाडीला भरती लागली होती. काळूरामांनी उघाडीकडे पाहिलं, पाणी दाराला लागलं होतं आणि दार आपलं आपण मिटलेलं होतं.

"न्हाय करत," ते म्हणाले. "तीस रावदे. तू अजून पुरती कुटं गायलीस?"