आठ दुरुस्त्या: सुनंदाचे पत्ते घेऊन मुडबीला

माझ्या पत्नीला, सुनंदाला, जाऊन सात महिने झाले, तेव्हा मी मुडबीला जाण्याचे नक्की केले. तिने हाताने तयार केलेले इतिहासाचे पत्ते मी छापून घेतले होते. ते तिथल्या शाळेत पोहोचवणे, एवढेच तिचे एक काम माझ्या हातून होण्यासारखे उरले होते.

मुडबी हे बसवकल्याण तालुक्यातील शेतकऱ्यांचे गाव, तिचे माहेर. आमचे वास्तव्य सोलापूरला. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती दर महिन्यात काही दिवस भावाकडे राहून गावातल्या मराठी शाळेत मुलांना पत्त्यांतून इतिहास शिकवीत असे. चाळीस पाने होती. प्रत्येकावर त्या परिसरातील एखाद्या स्थळाचे वा वस्तूचे चित्र आणि खाली दोन ओळी. सोलापुरात असली की संध्याकाळी मला विचारी, "एक डाव टाकता का?" मी वर्तमानपत्रातून मान वर करीत नसे. एकदाच एक पान हाती घेतले, त्यातील चूक लगेच दिसली, ती तिला दाखवली. ती हसली आणि म्हणाली, "सापडली? मग ते पान तुमचं."

ती गेल्यावर पत्र्याच्या डब्यात तो संच मिळाला. मी आयुष्यभर सरकारी कार्यालयात मसुदे तपासले. चाळीस पानांत मला आठ ढोबळ चुका आढळल्या. आजारपणात तिचे लक्ष राहिले नसावे, असे मी समजलो. आठही ठिकाणी लाल शाईने दुरुस्ती केली आणि जाड कागदावर दहा संच छापून घेतले. मूळ पानांचे काय करू, असे छापखानावाल्याने विचारले. शुद्ध प्रत झाली की अशुद्ध प्रत ठेवायची नाही, ही माझी कार्यालयीन शिस्त. शिवाय तिच्या चुका कोणाच्या हाती लागू नयेत, असेही मनात होते. "टाकून द्या," मी म्हणालो.

पहिला दिवस मी बिदरसाठी ठेवला. छापलेला मजकूर प्रत्यक्ष स्थळाशी ताडून पाहावा, हा हेतू. सोलापूरहून सकाळची बस धरल्यास उमरगा, हुमनाबाद करीत दुपारपर्यंत बिदर येते. उमरग्यापुढे पाट्यांची लिपी बदलते, प्रवाशांचे बोलणे मात्र बदलत नाही. माझ्या मागच्या बाकावर दोघी जणी एकच भांडण तीन भाषांतून सांगत होत्या. जेवणाचा डबा बरोबर ठेवावा. वाटेत बस फार थांबत नाही.

जुन्या मदरशासमोर मी पिशवीतून पान काढले आणि वाचले. "मदरशाच्या दर्शनी दोन मिनारांपैकी आज एकच उभा आहे." वर पाहिले. एकच उभा होता. त्याच्या अंगावर निळ्या-हिरव्या फरशांचे तुकडे अजून टिकून आहेत. दुसऱ्या बाजूला नुसते आकाश. मी पानावर पेन्सिलीने बरोबरची खूण केली. त्या क्षणी शेजारी कोणीतरी असायला हवे होते, एवढेच लिहितो.

तिथून रिक्षाने नौबादला गेलो. जमिनीखालून पाणी वाहून नेणारी जुनी करेज तिथे आहे. वर ओळीने विहिरींसारखी तोंडे, खाली जांभ्या दगडात खोदलेला बोगदा. उन्हात उभा राहून मी एका तोंडातून खाली पाहिले. काळोखाखेरीज काही दिसले नाही.

"अकेलेच आये क्या साब?" रिक्षावाल्याने विचारले.

"होय."

"फॅमिली को लाना था. अच्छी जगा हय."

मी पानावर खूण केली. बसस्थानकाजवळच्या खानावळीत ज्वारीची भाकरी आणि पुंडीची भाजी मिळते; पुंडी म्हणजे आपली अंबाडी. जेवण स्वस्त आणि चांगले आहे. मला निम्मे ताट तसेच ठेवावे लागले.

दुसऱ्या दिवशी बसवकल्याणला उतरून मुडबीची बस घेतली. या गाड्या कमी आहेत. सकाळची चुकली तर बराच काळ खोळंबावे लागते. दोन्ही बाजूंना तुरीची शेते. मेहुणे माणिकराव थांब्यावर आले होते. त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि थेट शाळेकडे निघाले.

पाचवी-सहावीची वीस-बावीस मुले व्हरांड्यात बसली होती. शिक्षिका निर्मलाअक्कांनी संच वाटले. नवा करकरीत कागद पाहून मुले हरखली. त्यांनी पाच-पाच पाने वाटून घेतली. एकाने पान टाकून मोठ्याने वाचायचे, पुढच्याने "खरं" म्हणायचे, की पुढचे पान. खेळ चार-पाच फेऱ्या चालला आणि मंदावला. अश्विनी नावाच्या सहावीतल्या मुलीने हातातली सगळी पाने उलटसुलट करून पाहिली.

"आप्पा, ह्यात चोर कुठंय?"

"कोण चोर?"

"चोर पान वो! खोटं लिवलेलं. आठ असत्येत."

"हे समदं खरंच हाय की," दुसरी म्हणाली. "मग पकडायचं काय? निस्तं खरं खरं म्हनत बसायचं व्हय?"

मला काही समजेना. निर्मलाअक्कांनी हलक्या आवाजात सांगितले, "सर, मॅडम आठ पानांवर मुद्दाम चुकीचं लिहायच्या. खोटं ओळखून, खरं काय ते सांगितलं, की ते पान त्या मुलाचं. त्या पानासाठी पोरं पुस्तकं उघडायची, म्हाताऱ्यांना विचारायची. एक पोरगी तर वडिलांना घेऊन बिदरला मिनार मोजायला गेली होती."

"त्या चुका मी दुरुस्त केल्या," मी म्हणालो.

मग माणिकराव म्हणाले, "दाजी, एवढी वर्सं घरात पत्ते व्हते. एक डावबी खेळला न्हाईत? कामून?"

मी व्हरांड्याच्या टोकाला जाऊन छापखान्यात फोन लावला. "साहेब, तुम्हीच टाकून द्या म्हणालात," पलीकडून उत्तर आले. "ती रद्दी केव्हाच गेली."

परतलो, तेव्हा अश्विनी माझ्या जागेजवळ कोरे पुठ्ठे कापत बसली होती. "आमाला याद हायेत चोर," ती म्हणाली. "तुमी लिवा. तुमचं अक्षर बरं दिसतंय."

मुले ओरडून सांगत होती आणि मी लिहीत होतो. मदरशाचे दोन्ही मिनार शाबूत आहेत. बहमनींनी राजधानी बिदरहून गुलबर्ग्याला नेली, वास्तविक उलट. नौबादच्या करेजमध्ये रेल्वे चाले. ("ते लई सोपं व्हतं, बारक्या पोरांसाठी!") बिदरी धातुकामाची माती समुद्रावरून आणतात, वास्तविक ती बिदरच्या किल्ल्यातली. चौबारा हे धान्याचे कोठार. वास्तविक तो टेहळणीचा बुरूज. मुलांना पाच आठवली. आठही मीच खोडली होती, तरी मला त्यांखेरीज दोनच आठवली. आठवे कोणालाच आठवेना.

"सात चोर बास," अश्विनीने निकाल दिला. "आप्पा, तुमीबी बसा."

मी मांडी घालून बसलो. आयुष्यातला माझा हा पहिला डाव. माझी पाळी येताच तिने पान टाकले आणि माझ्याच अक्षरातले वाक्य माझ्यासमोर वाचले, "मदरशाचे दोन्ही मिनार शाबूत आहेत."

"खोटे," मी म्हणालो. "एकच आहे. मी काल पाहिला."

"सापडला! घ्या, ते पान तुमचं."

ऊन डोळ्यांवर येते असे सांगून मी उठलो. निर्मलाअक्का मुलांना घेऊन आत गेल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघालो. माणिकरावांनी भाकरी-चटणी बांधून दिली. सात हस्तलिखित पाने आणि दहाही संच शाळेत ठेवले. बाकीच्या संचांतले चोर मुले स्वतः तयार करणार आहेत. त्यांचे काम अडले नाही, हे नमूद करतो. ज्यांना जायचे असेल त्यांनी हिवाळ्यात जावे, बिदरला पूर्ण दिवस द्यावा आणि एकटे जाऊ नये.

छापखान्याने तपासायला दिलेली शुद्ध मजकुराची एक प्रत घरी आहे. मी ती रोज संध्याकाळी पेन्सिल घेऊन तपासतो. मुडबीत सापडलेली सात वगळून तेहतीस पाने उरतात. आठवा चोर यांपैकीच एक, आणि त्या सातांत नव्हते म्हणजे मी सुनंदाला चूक दाखवली ते पानही हेच; तेव्हा ती हसली होती. तिचे हसणे आठवते, तिचे शब्द आठवतात, हातातल्या पुठ्ठ्याची खरखरीत कडही आठवते. पान कोणते, ते आठवत नाही. तेहतीसही पाने अगदी बरोबर आहेत.