एक ते चारची कादंबरी

हडपसरमधलं आमचं ग्रंथालय दुपारी एक ते चार बंद असतं. त्या वेळात ग्रंथपाल बाई डबा खातात आणि काउंटरवर डोकं टेकून झोपतात. वर्तमानपत्राच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी त्याच वेळात आतल्या खोलीत भेट आलेली पुस्तकं लावायला बसू लागलो. कोथरूडच्या एका कुटुंबाने घर बदलताना दिलेली कन्नड पुस्तकं त्यांत होती. आम्हा दोघांनाही कन्नड येत नव्हतं. 'इतर भाषा' अशी चिठ्ठी लावून ती खिडकीजवळ ठेवली.

शेजारच्या प्लॉटवर इमारतीचं काम चालू होतं. तिथे कामाला असलेली, कलबुर्गीकडची एक बाई आमच्या आवारातल्या नळावर पाणी भरायला यायची. खिडकीतून तिला ती पुस्तकं दिसली आणि ती दारात येऊन उभी राहिली.

"बाई, ते कन्नड पुस्तक वाचायला देता?"

"सभासद आहात? पत्त्याचा पुरावा? ओळखीचं कोणी?"

तिने पत्र्याच्या शेडकडे हात केला.

"तो पत्ता बिल्डिंग झाली की संपला. पुस्तक बाहेर जाणार नाही. इथे बसून वाचा. चारनंतर या."

"चारला मी वर असते, स्लॅबवर. जेवणाची सुट्टी आता आहे."

"आता बंद आहे."

ती हलली नाही.

"बरं, बसा," ग्रंथपाल म्हणाल्या. "पण मला उठवायचं नाही."

तिने सगळ्यांत जाड कादंबरी काढली. रोज भाकरी खाऊन यायची, जमिनीवर बसायची. ओठ हलायचे. पान पुन्हा वाचायची, मग पुस्तक मिटून पुटपुटायची, उघडून पाहायची. शाळा सुटून वर्षं झाली असतील, अडखळत असेल, असं आम्ही धरून चाललो.

इमारत पूर्ण झाली. एका दुपारी ती म्हणाली, "बाई, उद्या सकाळी आम्ही मोशीच्या साइटवर चाललो." कादंबरीचा बराच भाग राहिला होता.

"एकेक पान तीनदा वाचलं की असंच होणार," ग्रंथपाल म्हणाल्या.

"एकदा वाचून कसं चालेल? शेडमधल्या बायकांना सांगायचं असतं. त्यांना वाचता येत नाही. काही गाळलं तर लगेच धरतात. म्हणतात, कालच्याशी जुळत नाही."

"म्हणजे पाठ करता?"

"पुस्तक नेता येत नाही ना."

मी हातातला गठ्ठा खाली ठेवला. जे पुस्तक आम्ही दाराबाहेर जाऊ दिलं नव्हतं, ते रोज थोडं थोडं करून, वाचून झालं तेवढं, बाहेर गेलं होतं आणि शेडभर पोचलं होतं. छापलेला मजकूर लोकांपर्यंत कसा जातो हे पाहण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. असं पोचवणं मी पाहिलं नव्हतं.

ग्रंथपालांनी डबा बंद केला. "बोलवा त्यांना. आता पाठ करायला वेळ नाही."

बायका आल्या. नळावर पाय धुऊन 'शांतता राखा'च्या पाटीखाली बसल्या आणि ती मोठ्याने वाचू लागली.

चार वाजले. ग्रंथपालांनी दारावरची 'बंद' ही पाटी काढली नाही. बाहेर सभासद जमले. पुस्तक बदलायला आलेले एक निवृत्त गृहस्थ म्हणाले, "अहो, चार वाजून गेले."

"घड्याळ आमच्याकडेही आहे."

"आत काय चाललंय?"

"वाचन. ग्रंथालय आहे ना हे?"

"तुम्हाला कळतंय का त्यातलं?"

"आपण गप्प उभे राहिलात तर ऐकू तरी येईल."

गृहस्थांनी चपला काढल्या आणि आत येऊन भिंतीला टेकून उभे राहिले. पाठोपाठ बाकीचेही आले.

मला शब्द कळत नव्हते, म्हणून मी चेहरे पाहत होतो. एका ठिकाणी सगळ्या बायकांनी एकदम श्वास ओढला. एका ठिकाणी त्यांच्यातल्या एका म्हातारीने पुस्तकातल्या कुणाला तरी शिवी हासडली आणि बाकीच्या हसल्या. भिंतीजवळचे सभासदही हसले, का ते न कळता. पुस्तक बदलून द्या असं कोणी म्हणालं नाही. उजेड उतरला तेव्हा ग्रंथपालांनी उठून दिवा लावला.

शेवटचं पान संपलं. म्हातारीने पदराने तोंड पुसलं.

"काय झालं शेवटी?" ग्रंथपालांनी विचारलं.

"नुसता शेवट कसा सांगू, बाई? पहिल्यापासून ऐकावं लागेल."

"मराठीत सांगता येईल?"

"तुटकं येईल."

ग्रंथपालांनी काउंटरमागची खुर्ची ओढून तिच्यासमोर आणली. तिने कादंबरी मिटून बाजूला ठेवली आणि सांगायला सुरुवात केली.