प्रत माहितीसाठी

साधी गोष्ट अवघड करून सांगण्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा हात धरणारा माणूस बदलापुरातच काय, पार कर्जतपर्यंत सापडायचा नाही. आनंदनगरच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर पत्रव्यवहार सांभाळला आणि निवृत्त झाल्यावर आमच्या सोसायटीचा जिन्यातला सूचनांचा फळा ताब्यात घेतला. एकदा त्यावर लागलं, 'जलकुंभ स्वच्छतेस्तव आगामी दिनी जलवितरण स्थगित ठेवणे क्रमप्राप्त आहे.' मी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी डोक्याला शाम्पू चोपडून कोरड्या नळाखाली बसलो! तळमजल्यावरचा, मूळचा उल्हासनगरचा सिंधी दुकानदार तर हात जोडायचा, "काका, हिंदी में बोलो, सिंधी में बोलो, पण समजेल असं बोला ना!"

तरी सोसायटी चालायची, ती काकूंमुळे. प्रत्येक सूचनेखाली काका 'प्रत माहितीसाठी : गृहस्वामिनी' असं लिहीत आणि खरोखरच एक प्रत स्वयंपाकघरात नेऊन देत. काकू ती वाचत आणि जिन्यात उभ्या राहून ओरडत, "अगं बायांनो, उद्या पाणी नाहीये, भरून ठेवा!" शाम्पूच्या दिवशी त्या नेमक्या माहेरी गेल्या होत्या.

गेल्या वर्षी काकू गेल्या. काकांशी काय बोलावं हे कुणाला कळेना, आणि ते काय बोलतात हे तर आधीपासूनच कळत नव्हतं. मग एक दिवस फळ्यावर लागलं, 'सर्व सदनिकाधारकांनी शनिवारी सायंकाळी ठीक सहा वाजता अधोस्वाक्षरीकाराच्या निवासस्थानी न चुकता उपस्थित राहावे. विषय : प्रासंगिक.' गळतीची मीटिंग असणार म्हणून सगळ्यांनी दारं लावून घेतली. मी तर सरळ स्कूटर काढून अंबरनाथला मावशीकडे पळालो.

रविवारी त्यांचं वर्तमानपत्र चुकून माझ्याकडे पडलं, म्हणून वर गेलो. हॉलमध्ये पंधरा-वीस खुर्च्या मांडलेल्या आणि टेबलावर पातेलंभर उपमा, गार होऊन दगड झालेला.

"गणपूर्तीअभावी तहकूब," काका म्हणाले.

"पण विषय काय होता, काका?"

"तुझ्या काकूचा वाढदिवस. ती गेल्यानंतरचा पहिला. एकट्याने काढवेना रे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, मग तसंच लिहायचं ना!"

"असलं कागदावर कसं लिहितात?" त्यांनी खरंच विचारलं. मी ताटली घेतली आणि तो गार उपमा खाल्ला. मीठ जास्त झालं होतं.

पुढच्या शनिवारी सकाळी फळ्यावर नवा कागद होता. जावक क्रमांक नाही, विषय नाही, संदर्भ नाही. 'मला घरात करमत नाही. संध्याकाळी या.'

सगळे गेले. दुकानदार तर दुकान बंद करून आला. खुर्च्या कमी पडल्या, माझ्या घरातून दोन न्याव्या लागल्या. त्या घेऊन जिना चढताना मी तो कागद पुन्हा एकदा वाचला. खाली, जुन्या सवयीने, 'प्रत माहितीसाठी :' असं लिहिलेलं होतं. पुढची जागा कोरी होती.