विलासच्या जीपचं उजवं दार

भुताखेतांच्या बऱ्याच बातम्या मी बातमीदार म्हणून न लिहिताच सोडून दिल्या आहेत. कोणी पाहिलं, कुठून पाहिलं, उजेड किती होता... एवढं विचारलं की बहुतेक गोष्टी तिथेच संपतात. हीसुद्धा संपली असती. पण इथे पाहणारा मीच होतो, आणि ऊन चांगलं वर आलेलं होतं.

विलास माझा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. ब्रह्मपुरी ते सिंदेवाही सवारी जीप चालवायचा. धान कापणीच्या दिवसांत तो आमच्याकडे आला आणि आल्या आल्या विचारलं, "भाऊजी, दाराच्या बिजागरीले कोनतं ग्रीस चांगलं?"

त्याच्या बाजूचं, उजवं दार कित्येक वर्षं कुरकुरत होतं. एक लांब कुईं... आणि शेवटी तुटका 'टक'. स्टँडवरचे ड्रायव्हर त्याला कुईकुई शेठ म्हणत, तोही हसायचा. आता मात्र त्याला आवाज नकोच होता. इंजिन ऑइल ओतून झालं होतं, बेअरिंगचं ग्रीस थापून झालं होतं. मी सांगितलं — ऑइलवर भुसा चिकटतो, बेअरिंगचं ग्रीस जाड, पिनेपर्यंत पोचत नाही. बिजागरी डिझेलने धू, ब्रशने जुनी घाण काढ, मग पांढरं लिथियम ग्रीस मारून दार पुढेमागे चालव.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी ते केलं. दार मुकं झालं. विलास ते उघडत राहिला, लावत राहिला. मला नवल वाटलं, इतकंच.

त्यानंतर तो जीप घेऊन स्टँडवर गेला. मीही सोबत होतो. तिथे शेवंताबाई होत्या.

शेवंताबाईंचा मुलगा मंगेश विलासच्याच रस्त्यावर, काही दिवसांपूर्वी, अंधारात सायकलवरून घरी येताना मेला होता. 'अज्ञात वाहनाच्या धडकेत तरुण ठार' — ती चार ओळींची बातमी माझीच. तेव्हा बाई रस्त्यालगतच्या खळ्यावर होत्या.

"ब्रेक ऐकू आला," त्या मला म्हणाल्या. "मंग दार वाजलं. मंग काईच नाई. मंग पुन्हा दार वाजलं अन् गाडी गेली. उतरला, भाऊ. माह्या पोराले पाह्यलं, अन् गेला."

दार कसं वाजलं, ते त्यांनी तोंडाने करून दाखवलं. लांब, आणि शेवटी तुटकं. माझ्या नखांत अजून ग्रीस होतं.

आवाजाच्या पुराव्यावर ठाण्यात कोणी काही केलं नव्हतं. म्हणून त्या रोज येऊन एकेका जीपचं ड्रायव्हरकडचं दार उघडून पाहत होत्या. बाकीचे ड्रायव्हर सगळं ओळखून होते. कुईकुई शेठचं नाव मात्र कोणी घेत नव्हतं.

"काऊन बाई, डायवरी शिकून राह्यली काय?" एकाने चेष्टा केली.

"तुह्यी गाडी नाई हे. तू चाय पी."

मग त्या विलासच्या जीपशी आल्या. त्याने स्वतःच दार उघडून दाखवलं. "पाह्य न बाई. आवाजच नाई."

बाईंनी मूठ धरून ओढली. कुईं... टक.

विलासने दार हिसकावून पुन्हा चालवलं. आवाज नाही. मी चालवलं. नाही. बाईंनी हात लावला — कुईं... टक. त्या ठाण्यात गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, तिसऱ्याही. दार उघडायचं, लावायचं, त्याच्याकडे पाहायचं, परत जायचं. विलासचं जेवण सुटलं.

शेवटी त्याने ते दार बिजागरीसकट काढून घरी ठेवलं आणि तशीच जीप आणली. सवाऱ्या हसल्या, "हवा खावाले बरी झाली."

शेवंताबाई आल्या. दाराची मूठ जिथे असायची तिथे त्यांनी हात नेला आणि ओढला.

कुईं... टक.

टपरीवरचे सगळे वळले. मी एकट्याने ऐकलेलं नाही.

विलास खालीच बसला. "बस कर, बाई."

"पाह्यलं होतं न तू त्याले?"

"हो."

"काही बोलला तो?"

विलास म्हणाला, "पानी मागतलं."

"चाल ठाण्यात," बाई म्हणाल्या. "पैदल चाल. माह्या पुढं."

त्याने ठाण्यात जबाब दिला. भावाला वाचवलं नाही म्हणून माझी बायको तेव्हापासून माझ्याशी कामापुरतंच बोलते. घरात पडलेलं ते दार मी नंतर तपासलं. पिना सरळ, ग्रीस पांढरंशुभ्र. एक मेकॅनिक म्हणाला, ओढण्याचा कोन बदलला की लोखंड वाजतं. पण जीपला दारच नव्हतं, त्याचं काय? त्यावर तो दुसऱ्या गाडीखाली शिरला.

मी शेवंताबाईंना विचारलं, पहिल्याच दिवशी ठाण्यात का गेला नाहीत?

"त्याले तवाच नेलं असतं, त सुटला असता. मले तो भेताना पाहाचा होता. रोज."

आणि दार नसताना आवाज कसा आला?

"दार नोयतं काय? मी कुठी दाराकडं पाह्यलं, भाऊ... मी त्याच्या तोंडाकडं पाहून राह्यली होती."