एक्क्याऐंशी तुकड्यांची गोधडी

मानसिंगअण्णांना जुनं कापड विकायचं म्हणजे विकणाऱ्याच्या सहनशक्तीची परीक्षाच. आधी रंग बघणार, मग पोत, मग उजेडाकडे धरून किती विरलंय ते बघणार. एवढं सगळं पसंत पडलं की विचारणार, "हे कुणाचं?" आता बेंगळुरात चिकपेटेच्या फुटपाथवर, रविवारच्या बाजारात, कपड्यांच्या ढिगावर बसलेला माणूस काय कपाळ सांगणार कुणाचं ते! पण अण्णा हटायचे नाहीत. उत्तर मिळालं तर कापड पिशवीत, नाही मिळालं तर घडी घालून परत ढिगावर. घडी घालून, बरं का. चिंध्यांना घडी घालून परत ठेवणारा दुसरा माणूस त्या बाजारानं पाहिलेला नव्हता.

अण्णा गवीपूरचे. तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून आलेल्या मराठ्यांपैकी, असं घरात सांगतात. घोडी गेली, जमिनी गेल्या, उरली ती घरातली मराठी, तीही निम्मी कन्नड मिसळलेली. अण्णांनी तेहतीस वर्षं बस डेपोत सीटा शिवल्या. रेक्झिन, काथ्या, सुतळी आणि हातभर लांबीचं दाभण, हाच त्यांचा संसार. फाटलेली सीट वर्कशॉपात आली की तिच्यावर चिठ्ठी लावलेली असायची, कुठल्या मार्गावरची गाडी ती. अण्णा चिठ्ठी वाचल्याशिवाय टाका घालायचे नाहीत. "हासनची गाडी. म्हणजे पाटीवाल्या बाया. कड दुहेरी शिवायला पाहिजे." सोबतचे हसायचे. हसेनात का! अण्णांची कड पुढच्या दोन वर्षांत उसवायची नाही आणि हसणाऱ्यांची सीट सहा महिन्यांत परत यायची.

ब्याण्णव साली निवृत्त झाले. बरोबरीचे लोक देवळात जायला लागले, कुणी लालबागेत फेऱ्या मारायला लागले. अण्णा एका दुपारी घरातली फाटकी गोधडी दुरुस्त करायला बसले, ते बसलेच. दाभण धरलेल्या हातात बारीक सुई आली आणि माणूस हरखून गेला. धावदोरा म्हणजे काय, वर-खाली, वर-खाली, कुणालाही येतो. पण अण्णांचा धावदोरा बघावा! तांदळाच्या दाण्याएवढा टाका, सगळे एका मापाचे, आणि ओळ अशी सरळ की पट्टी लावून बघा. सकाळी पायरीवर ऊन यायचं, तिथे पाय पसरून बसायचे. गुणगुणायचे. कुणी बोलावलं तर ऐकू यायचं नाही.

नातलगांनी चेष्टा सोडली नाही. एका लग्नात चुलतभाऊ म्हणाला, "तलवारीचं घराणं आपलं, आणि तू सुई घेऊन बसतोस होय रे?" अण्णा म्हणाले, "तलवार आजोबांनी विकून खाल्ली. सुई तरी माझी स्वतःची आहे." चुलतभाऊ जेवायला निघून गेला.

आणि सामान म्हणाल तर सगळं जुनं. नवी सुई त्यांना आवडायचीच नाही. कुक टाउनातल्या डोरोथी म्हणून एक बाई घरदार आवरून ऑस्ट्रेलियाला लेकाकडे निघाल्या होत्या, त्यांच्याकडून अण्णांनी बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा आणला. आत लाकडी रिळं, बटणं, आणि वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या सुया. त्या दिवशी अण्णा असे घरी आले की बायको राजलक्ष्मीला वाटलं लॉटरी लागली. "ही सुई बघ, ही बघ, कापडात आपणहून जाते!" जयनगरच्या चौथ्या ब्लॉकातले शिंपी त्यांच्यासाठी उरलेले तुकडे बाजूला ठेवायचे. जुन्या जरीच्या साड्या विकत घेऊन जरीतली चांदी काढायला त्या जाळणारे लोक असतात, त्यांच्या हातापाया पडून अण्णा काठ सोडून मधलं रेशीम मागून आणायचे. प्रत्येकाला प्रश्न तोच. हे कुणाचं?

राजलक्ष्मी वैतागायची. "अहो, कापड आणता की मुलगी बघायला जाता?" पण रात्रीच्या जेवणाला तीच विचारायची, "आज कुणाचं मिळालं?"

शहाण्णव साली लेक अहल्येला दिवस गेले, पहिलं बाळंतपण माहेरी करायचं ठरलं आणि अण्णांनी मोठं काम काढलं. नऊ ओळी, ओळीत नऊ तुकडे, एक्क्याऐंशी तुकड्यांची बाळाची गोधडी. सात महिने शिवत होते. मनाजोगता तुकडा मिळाला नाही तर आठवडा आठवडा जागा रिकामी ठेवायचे.

नेमकी मधली जागा रिकामी राहिली होती. आणि एका रविवारी मल्लाप्पाच्या ढिगाच्या तळाशी त्यांना मोरपंखी रंगाचा तुकडा सापडला. त्यावर हातानं भरलेला राघू. कसुतीचं काम, आपल्या धारवाडकडच्या बायका करतात ते. अण्णांनी उलटून बघितलं तर मागेही तोच राघू, जसाच्या तसा. गाठ शोधली, सापडेना. अहो, तेहतीस वर्षं शिवणारा माणूस, त्यानं चष्मा पुसून पुसून गाठ शोधली आणि त्याला ती सापडेना! कुणा बाईनं किती दुपारी डोळे घातले असतील यात! "मल्लाप्पा, कुणाचं हे?" मल्लाप्पानं खांदे उडवले. "यारदो, अण्णा." कुणाचं तरी. अण्णांनी घडी घातली. ढिगावर ठेवली. चार पावलं गेले, परत आले, आणि तो तुकडा पिशवीत टाकला. आयुष्यात पहिल्यांदा नियम मोडला, तोही हावरटासारखा.

मुलगी झाली. सोमवारी बारसं ठरलं. शनिवारी सकाळी अहल्येच्या सासूबाई, ठकुबाई, चिकोडीहून येऊन उतरल्या. स्वतःची पाच बाळंतपणं आणि गावातली इतरांची न मोजता येण्याएवढी निभावलेली बाई. आल्या आल्या हातपाय धुऊन नात मांडीवर घेतली, नाक आपल्याकडचं आहे असं जाहीर केलं, आणि राजलक्ष्मीनं ते सोडून दिलं, कारण नाकाबद्दल भांडावं असं ते नाक नव्हतंच. मग अहल्येनं कौतुकानं गोधडी आणून पसरली.

ठकुबाईंनी कड चिमटीत धरून बघितली. "झ्याक शिवलंय. कुणी?"

"अण्णांनी."

"पाव्हण्यांनी?" त्यांनी अण्णांकडे वरून खाली बघितलं. "आणि लुगडी कुणाची ही?"

"बाजारातनं आणतात," अहल्या बोलून गेली आणि तिनं जीभ चावली.

ठकुबाईंनी गोधडी हळूच बाजूला सारली. रागानं नाही, पण सारली. "लेकराला जुन्यावरच घालत्यात, त्ये बरुबर हाय. नवं कापड टोचतंय. पर जुनं कुणाचं, ह्ये ठावं पायजे. कोण कशानं गेलंय, कुणाच्या घरात काय झालंय. बाजारातलं धडूतं माझ्या नातीच्या अंगाखाली नगं. वाईट वाटून घेऊ नगा, पाव्हणं."

वाईट वाटून घेऊ नका म्हणे! सात महिने. अण्णांच्या तोंडावरचा रंगच उतरला. पण ते रागावले नाहीत, कारण बाईचा प्रश्न त्यांना पटला होता. तो त्यांचाच प्रश्न होता. ते तिथेच चटईवर बसले, गोधडी जवळ ओढली आणि कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हे खाकी, आमच्या डेपोतल्या कंडक्टराचं. तीस वर्षांत एक दिवस रजा नाही. हा निळा फुलांचा पडदा डोरोथीबाईंचा, आता त्या ऑस्ट्रेलियात आहेत. हे पांढरं एका नर्सबाईंचं, निवृत्त झाल्या त्या दिवशी नेसलेली साडी. ही हिरवी चौकडी शिंप्याकडची, शाळेच्या गणवेशातली उरलेली."

एकामागून एक. ठकुबाई सुपारी चघळत, भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधेच त्या म्हणाल्या, "यात मेलेल्या माणसाचं हाय का एखादं?"

अहल्या त्यांच्या मागे उभी राहून मानेनं नाही, नाही करत होती. अण्णांनी ते बघितलं.

"आहे. हे डाळिंबी रेशीम. ब्याण्णव वर्षांची होऊन गेली म्हातारी. पणतवंडांना खेळवून गेली."

"मग त्ये चांगलं," ठकुबाई म्हणाल्या. "पर एवढं ध्यानात ऱ्हातंय व्हय कुणाच्या? पुस्तक वाचल्यावानी सांगायला लागलाय." आणि त्यांनी हात लांब करून बोट बरोबर मधोमध ठेवलं. "आणि ह्यो राघू?"

काहीही सांगता आलं असतं. खोलीत सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"हे माहीत नाही," ते म्हणाले.

"बघा. तिथंच घोडं अडलं."

"उद्या रविवार आहे. विचारून येतो."

ठकुबाई दुपारी पडल्या तशी अहल्या बापावर घसरली. "सांगून टाकायचं की काहीतरी! कोण जाणार होतं बघायला?" राजलक्ष्मीही तेच म्हणाली, जरा मऊपणानं. "उद्या येताना वाटेत ठरवून या काय सांगायचं ते. पोरीच्या सासरचं माणूस आहे. स्वल्प सांभाळून घ्या." अण्णा "बघू" म्हणाले. त्या दिवशी त्यांनी सुई हातात धरली नाही.

रविवारी उजाडता चिकपेटेत हजर. मल्लाप्पानं डोकं खाजवलं, आठवून आठवून एका बोहारणीचं नाव सांगितलं. ती अव्हेन्यू रोडच्या तोंडाशी भांडी मांडून बसली होती. तिनं राघूचं वर्णन ऐकलं आणि खळखळून हसली. "अण्णा, मी रोज तीस दारं फिरते. पातेलं देते, कपडे घेते. कुठल्या दारचा राघू मी कसा सांगू?" संपलं. याच्यापुढे वाट नव्हती.

येताना बसमध्ये अण्णांनी गोष्ट रचली. धारवाडच्या एक मास्तरीणबाई. नातवंडं-पतवंडं, भरलं घर. सून बेंगळुरात असते, तिनं दिली. गोष्ट चांगली होती हो, वाईट नव्हती. पाटीवाल्या बायांसाठी ज्या हातानं दुहेरी कड शिवली, त्याच हाताच्या बोटांवर त्यांनी ती तीनदा घोकली. उतरायचा स्टॉप चुकला. एक स्टॉप मागे चालत आले. चालताना चौथ्यांदा घोकली.

ठकुबाई गोधडी मांडीवर घेऊनच बसल्या होत्या. चष्मा लावून टाके बघत होत्या. अण्णा दारात दिसताच त्यांनी मान वर केली.

"कळलं?"

अहल्या बाळाला घेऊन आतल्या दाराशी उभी. राजलक्ष्मीच्या हातात पीठ. अण्णांनी चप्पल काढली, तोंड उघडलं, आणि ती मास्तरीणबाई काही केल्या बाहेर येईना.

"नाही कळलं," ते म्हणाले. "खूप विचारलं. कुणालाच ठाऊक नाही." मग घाईघाईनं पुढे झाले, खिडकीतली कात्री घेतली आणि खाली बसले. "चूक माझी. माहीत नसताना घ्यायलाच नको होतं. आवडलं म्हणून घेतलं. हा तुकडा उसवतो मी. उद्यापर्यंत दुसरा लावतो." उसवायचं कसं, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही, पण त्या राघूला कात्री लावायची म्हणजे त्यांच्या जिवावरच आलं होतं.

ठकुबाईंनी कात्रीवर हात ठेवला.

"थांबा, पाव्हणं. काल एवढ्या तुकड्यांचं सांगितलासा. मला वाटलं, माणूस शिवण्यात हुशार, तसाच बोलण्यातबी हुशार. आज राघूचीबी एक गोष्ट घेऊन येणार, असंच धरून बसले हुते." त्यांनी चष्मा काढला. "तुमी म्हणालासा, ठाव न्हाई. मग ती ऐंशी खरी हाईत."

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही.

"आणि हा राघू?" अहल्येनं भीत भीत विचारलं.

"ऱ्हाऊ दे की. लेकराच्या गालाला तीट लावतोय आपण. एवढ्या देखण्या गोधडीला नगं?" ठकुबाईंनी गोधडी झटकली, चटईवर पसरली, नात अहल्येच्या हातून घेऊन गोधडीवर निजवली. पोरीनं पाय झाडले आणि जांभई दिली. मग ठकुबाईंनी अण्णांना हातानं शेजारी बसण्याची खूण केली आणि खाकी तुकड्यावर बोट ठेवलं.

"हितनं सुरू करा परत. काल म्या ऐकलंच न्हाई."