खाऱ्या पाण्याचं इंजिन

आमच्या मेस्त्रींकडे गाडी नेली की ते आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे. बॉनेट जरा कोमट लागलं तरी म्हणायचे, "बसा." आणि स्वतःही बसायचे. चिंचेखाली एक बाकडं होतं, त्यावर तासन् तास. गिऱ्हाईक चुळबुळ करायचं, घड्याळ बघायचं, "मेस्त्री, जरा ऐकून तर घ्या आवाज" म्हणायचं. मेस्त्री ढिम्म. "गरम इंजिन खोटं बोलतं," एवढंच उत्तर. सकाळी थंडगार असताना ते कसं उठतं, किती खोकतं, धूर कुठल्या रंगाचा टाकतं, हे बघितल्याशिवाय त्यांनी कुणाच्या इंजिनाला बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही. मला या बसण्याचा भयंकर राग यायचा. मी शाळेत शिकवणारी बाई, तासाची घंटा झाली की पुढच्या वर्गात हजर. हा माणूस मला गाडी थंड होईपर्यंत चिंचेखाली बसवून ठेवायचा!

मेस्त्री वसईच्या एका जुन्या ख्रिस्ती गावातले. वाडीत केळी होत्या, भाजी होती, भाऊ शेती करायचे. हे एकटे पान्हे घेऊन रस्त्याला येऊन बसलेले. वय साठीच्या पुढे, अंगात कायम खाकी हाफ पँट, आणि रविवारी मिस्सेला जाताना मात्र कडक इस्त्रीची पांढरी विजार. मला 'बाय' म्हणायचे आणि माझ्या वडिलांना, आबांना, 'पोस्टमास्तर'. आबा पोस्टातून निवृत्त झाले तेव्हा पोस्टमास्तर होतेच, पण नंतर त्या नावाने हाक मारणारे मेस्त्री तेवढे उरले होते. आबांना ते फार आवडायचं.

नव्वदच्या दशकाची सुरुवातीची वर्षं. आम्ही जूचंद्रला राहायचो, आबा आणि मी, दोघंच. एका वर्षी दिवाळीनंतर आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला. वसईतल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पहिले सहा महिने हातचे सोडू नका. जे परत यायचं ते बहुतेक त्यातच येतं." आठवड्यातून दोनदा व्यायामाला आणायचं. आमच्याकडे घरी येऊन व्यायाम घेणारं तेव्हा कुणी मिळेना. रिक्षात आबांचा ताठ पाय मावत नसे, आणि आठवड्यातून दोनदा भाड्याची गाडी माझ्या पगारात बसत नव्हती. राहिली आमची जुनी, जाडजूड, डिझेलची पांढरी गाडी. पुढची सीट पूर्ण मागे सरकवली की आबा तिच्यात नीट बसायचे. बाई गाडी चालवते म्हणून गावातली पोरंटोरं मागे धावायची, तरी मी हॉर्न वाजवत त्यांना न्यायची.

आणि ऐन संक्रांतीत गाडीचं इंजिन बसलं. मेस्त्रींनी उघडून बघितलं आणि मान हलवली. नवं इंजिन घेणं शक्यच नव्हतं. जुनं, दुसऱ्या गाडीतून काढलेलं, कुठे मिळतं का बघायचं. आबा खिडकीशी खुर्चीत बसून राहिले. समोर मिठागरं आणि मिठाचे ढीग, दुसरं काही नाही. पहिल्या आठवड्यात ते "मिळालं का?" असं विचारायचे. दुसऱ्या आठवड्यात विचारेनासे झाले. मग मीच मेस्त्रींच्या डोक्यावर बसले.

"बाय, चांगलं इंजिन कोण गाडीतून काढत नाय," मेस्त्री म्हणायचे. "एक तर गाडी मेलेली असते, नाय तर इंजिन. गाडी मेलेली असेल तर आपलं नशीब. ते शोधाय लागतं." त्यांनी चार इंजिनं नाकारली. एकात आवाज दाबायला जाड ऑइल भरलं होतं. एकाचा नंबर घासून नवा ठोकला होता. ते घेतलं असतं तर पोलीस दारात आले असते. उरलेली दोन कुणी का काढली, याचं सरळ उत्तर विकणारा देईना. मी प्रत्येक वेळी चिडायची. आबांचे दिवस चालले होते, आणि हे भिंगातून नंबर वाचत बसले होते.

पाचवं इंजिन ठाण्याच्या पुढे एका भंगाराच्या आवारात सापडलं. मी रजा टाकून सोबत गेले. आम्ही पोचलो तेव्हा ते चौकटीवर चढवून सुरू करून ठेवलं होतं, छान घुमत होतं. मेस्त्रींनी तळहात लावला आणि उलट्या टाकलेल्या पिंपावर बसले. अडीच तास! शेवटी मी म्हटलं, "मेस्त्री, आंघोळ घालूया का त्याला? लवकर थंड होईल." ते हसले पण उठले नाहीत. मग पूर्ण थंड झाल्यावर त्यांनी ते हाताने फिरवून बघितलं, सुरू केलं, लांब पेचकसाचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून डोळे मिटून ऐकलं. धूर बघितला, ऑइल बोटांत चोळलं. शेवटी पाणी आत जायच्या तोंडात बोट घातलं. बोटाला पांढरी खरपुडी लागून आली. त्यांनी ती जिभेला लावली.

"खारट," ते म्हणाले आणि पहिल्यांदा मोकळं हसले. "आपल्याच भागातली गाडी दिसते."

दुसऱ्या कुठल्याही गावच्या मेस्त्रीने ते इंजिन तिथेच सोडून दिलं असतं. पण आमच्याकडे विहिरी मचूळ. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि गाडीतही तेच पाणी घालतात. प्रत्येक रेडिएटर आतून पांढरा. मेस्त्रींनी चाळीस वर्षं ती खरपुडी बघितली होती. तिच्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही, उलट ओळखीचं कुणी भेटल्यासारखं झालं. विकणाऱ्यानेही लगेच री ओढली, "हो हो, तिकडचीच गाडी." वर म्हणाला, पंधरा दिवसांत काही निघालं तर परत आणा, दुसरं देतो.

गाडी सुरू झाली त्या दिवशी आबांनी डाव्या हाताने स्वतःची दाढी केली. व्यायाम झाल्यावर म्हणाले, "पाचूबंदरला ने." मग तो रिवाजच पडला. व्यायाम झाला की गाडी धक्क्याजवळ लावायची आणि आबांनी अर्धा तास होड्या बघायच्या. बोटांत थोडी हालचाल येऊ लागली होती. करंगळी हलली तेव्हा त्यांनी ती मला तीन वेळा दाखवली.

इंजिन आणल्याच्या सातव्या दिवशी मी धक्क्यावर बॉनेट उघडून पाणी घालत होते. गाडी पाणी जरा जास्तच पीत होती. होडी चालवणारा एक म्हातारा तांडेल जाळं खांद्यावर टाकून चालला होता, तो थांबला. इंजिनाकडे वाकून बघितलं.

"बाय, ह्यो इंजन कुठनं घेतला? ह्यो होडीतला हाय."

"कशावरून?"

"ह्ये बुजवलेलं भोक बघ. इथं आमी नळी जोडतो. दर्याचं पानी आत घ्यायचं न् फिरवून भायेर सोडायचं. वरसानुवरसं खारं पानी प्यालाय ह्यो. आतनं खाल्लेला असंल. मेस्त्रीला दाखव."

बॉनेट वर असल्यामुळे आत बसलेल्या आबांना काही दिसलं नव्हतं. मी ते बंद केलं. "काय म्हणत होता?" त्यांनी विचारलं. "काही नाही, पाणी घातलं, झालं," मी म्हटलं.

मेस्त्रींना मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी इंजिन उतरवलं असतं. मग पुन्हा शोध, पुन्हा पिंपावर बसणं, आणि आबा पुन्हा खिडकीशी. डॉक्टरांच्या सहा महिन्यांतले तीनसुद्धा उरले नव्हते. मला वाटलं, वर्षानुवर्षं चाललंय, अजून तीन महिने चालेल. एवढंच चालू दे. मी रोज सकाळी किल्ली फिरवताना देवाचं नाव घ्यायची, आणि मेस्त्री भेटले की त्यांच्या नजरेला नजर द्यायची नाही.

एकोणिसाव्या दिवशी मिठागरांमधल्या रस्त्यावर गाडीने एक धक्का दिला आणि ती जागीच बंद पडली. भर दुपार, एकही झाड नाही. आबांना उतरवायला दोन माणसं लागायची आणि तिथे मी एकटी. काचा खाली केल्या, पदराने वारा घातला. थोड्या वेळाने ते म्हणाले, "मला लघवीला उतरव." मी म्हटलं, "आबा, मला एकटीला नाही जमणार." ते दुसरीकडे बघत राहिले. दीड तासाने मिठाचा ट्रक आला, त्याच्यासोबत मेस्त्रींना निरोप धाडला. तोपर्यंत व्हायचं ते झालं होतं. आयुष्यभर इस्त्रीचे कपडे घालणारा माझा बाप ओल्या धोतरात बसला होता आणि मला म्हणत होता, "तू रडू नकोस."

मेस्त्री सायकलवरून आले. ऑइलचं झाकण उघडलं तर आतून ताकासारखं पांढरं काहीतरी आलं. लोखंड आतून खाल्लं जाऊन भोक पडलं होतं आणि पाणी ऑइलमध्ये मिसळलं होतं. इंजिन संपलं होतं. त्यांनी खरवडून बघितलं, ते नळीचं भोक बघितलं, आणि त्या तापलेल्या रस्त्यावर बसकण मारली.

"माझ्या जिभेनं घात केला," ते म्हणाले. मग उठून आबांच्या खिडकीशी गेले. "पोस्टमास्तर, चूक माझी. खारं पाणी आणि दर्याचं पाणी मला वेगळं कळलं नाय."

मी बाजूलाच उभी होते. बोलायची वेळ तीच होती. आधीचं गप्प राहणं आबांसाठी होतं असं मी स्वतःला समजावू शकते. त्या रस्त्यावरचं मात्र निव्वळ माझ्यासाठी होतं.

विकणाऱ्याने हात वर केले. पंधरा दिवस उलटून गेले होते. मग मेस्त्रींनी भाच्याचा भाजीचा तीनचाकी टेम्पो पकडला. सोमवारी भाजी उतरली की तो रिकामा असे. त्यात खुर्ची दोरांनी बांधायची, खुर्चीत आबा, आणि मागे मेस्त्री खुर्चीची पाठ धरून उभे. आबा चिडले होते. "मला काय कपाट समजलात?"

"कपाट गप बसतं, पोस्टमास्तर. तुमी कुठं बसता?"

आठवड्यातून दोनदाच्या ऐवजी एकदा, तेही टेम्पो मिळाला तर. पाय परत आला, काठी टेकून चालण्यापुरता. हात आला नाही. करंगळीसुद्धा पुन्हा हलेनाशी झाली. व्यायाम न चुकता झाला असता तर हात आला असता का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. मेस्त्रींनी मात्र स्वतःपुरता निकाल लावून टाकला होता. घरी आले की आधी आबांच्या हाताकडे बघायचे, मग बसायचे. जुनं इंजिन बसवून द्यायचं काम त्यांनी कायमचं सोडलं. "आहे तेच दुरुस्त करतो, नाय तर दुसरीकडं जा," म्हणायचे. लोक दुसरीकडे जायला लागले. चिंचेखालचं बाकडं रिकामं दिसायला लागलं.

अशी चार वर्षं गेली. एक दिवस आबांच्या मांडीवर चहा सांडला आणि मेस्त्री तो पुसता पुसता पुटपुटले, "हे माझ्यामुळं झालं." मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेले आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. धक्का, तांडेल, नळीचं भोक. "माझं चुकलं, मेस्त्री. मला माफ करा."

ते रॉकेलने हात धूत होते. धुणं थांबलं.

"कितव्या दिवशी?"

"सातव्या."

"पंधरा दिवसांत तो बदलून देणार होता," ते हळू म्हणाले. "आठ दिवस होते, बाय. मी रात्रीचा दिवस केला असता." त्यांनी हात फडक्याला पुसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "चार वर्षं मी त्या हाताकडं बघतोय. जा तू. जा आता."

त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. आबांकडे येणं सोडलं नाही, पण यायचे ते मी शाळेत असताना. संध्याकाळी घरी आले की मोरीत दोन कप धुऊन उपडे घातलेले असत. मी दोनदा त्यांच्या दाराशी जाऊन आले. त्यांच्या बायकोने पाणी दिलं, बसा म्हटलं, पण ते आतून बाहेर आले नाहीत.

दोन वर्षांनी ते गेले. झोपेतच. आबा म्हणाले, "मी चालत जाणार." चर्चपासून दफनभूमीपर्यंत, काठी टेकत, थांबत थांबत, सगळ्या गावामागून माझा बाप स्वतःच्या पायांनी चालत गेला. फादरांची प्रार्थना झाली, लोक एकेक करून मूठमूठ माती टाकू लागले. आबांनी डाव्या हाताने टाकली. मागे सरताना माझ्या खांद्यावर भार देऊन ते म्हणाले, "त्या इंजिनाचं फार लावून घेतलं गं बिचाऱ्याने. शेवटपर्यंत माझी माफी मागत होता."

म्हणजे आबांना त्यांनी सांगितलंच नव्हतं. दोन वर्षं समोर बसून चहा प्यायले, आणि माझं नाव काढलं नव्हतं.

माझ्या मुठीत माती होती. मागे रांग थांबली होती. कुणीतरी हळूच म्हणालं, "बाय, टाका." तरी मला मूठ उघडता येईना.